कर्त्यावांचून अन्याय

नीतिशास्त्रांत पापाची चर्चा निघाली कीं पाप करणारा मनुष्य नेहमीं समोर उभा असतो. चोरी म्हटली कीं चोर आला, हिंसा म्हटली कीं हिंसक आला. धर्मशास्त्र प्रायश्चित्त सांगतें तें कर्त्यास. कायदा शिक्षा करतो ती कर्त्यास. आणि कर्त्याच्या मनांतील हेतूची झडती घेतल्यावांचून दोघेही सहसा निकाल देत नाहींत. परंतु ज्या अन्यायांत सोसणारा स्पष्ट दिसतो, पण करणारा कितीही शोधला तरी सांपडत नाहीं, त्या अन्यायाचें काय करावयाचें? त्यास अन्याय म्हणावें, कीं दैव म्हणून सोडून द्यावें? मोठ्या शहरांत राहणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास या प्रश्नाचें उत्तर कधीं ना कधीं द्यावें लागणार आहे, असें आम्हांस वाटतें. आमच्यापुढें तो कसा आला, तें प्रथम सांगतों.

आमच्या घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या एक वृद्ध बाई आहेत. घरांत सर्वजण त्यांस मावशी म्हणतात. पूर्वीं त्या माटुंग्याजवळच रेल्वेच्या रुळांलगत झोपडींत राहत असत. या शतकाच्या आरंभीं लोकल गाड्यांचे मार्ग वाढविण्याचें ठरलें, तेव्हां रुळांलगतचीं सहस्रावधि कुटुंबें उठवून त्यांस शहराच्या पूर्व टोंकास, मानखुर्द-गोवंडीच्या बाजूस, पक्कीं घरें देण्यांत आलीं. मावशींनाही तेथें घर मिळालें. तेव्हांपासून त्या रोज गाडीनें येतात. गेल्या मार्गशीर्षांत त्या चार दिवस आल्या नाहींत. त्यांच्या धाकट्या सुनेस क्षयाची बाधा झाल्याचें कळलें, तेव्हां कांहीं औषधपाण्याची मदत होते का पाहावें म्हणून आम्ही त्यांच्या घरीं गेलों.

दुपारचे बारा वाजले होते. आकाशांत ढग नव्हता. परंतु दोन इमारतींच्या मधल्या वाटेंत आम्ही शिरलों तेव्हां चष्मा बदलावा लागतो कीं काय असें वाटलें. वाटेंत गटाराचें पाणी सांचलेलें. वरून फेंकलेला कचरा त्यांत कुजत पडलेला. मावशींचें घर पहिल्या मजल्यावर. आंत विजेचा दिवा लावलेला होता. "दिवसाही लावावा लागतो, सर," मावशी म्हणाल्या. "बिल येतं त्याचं दुःख नाही, पण बंद केला तर पोरीला औषधाचं पाकीट वाचता येत नाही." खिडकी होती, पण तिच्यासमोर सात-आठ हातांवर दुसऱ्या इमारतीची तशीच खिडकी होती, आणि दुर्गंध व डांस यांच्या भयानें दोन्ही बंद होत्या. रोगी मुलगी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिचें लहान मूल शेजारणीकडे ठेवलें होतें.

घरीं परतलों तों आमच्या दिवाणखान्यांत पश्चिमेचें ऊन जमिनीवर पसरलें होतें. नित्याचेंच तें, परंतु त्या दिवशीं आम्हांस त्यांत पाय ठेवतांना संकोच वाटला. शहर एक, सूर्य एक, दुपारही एकच. मग ऊन आमच्या वांट्यास यावें व मावशींच्या सुनेच्या वांट्यास येऊं नये, हें कोणी ठरविलें?

सहज उत्तर असें कीं, पैशानें ठरविलें. ज्याच्याजवळ द्रव्य अधिक, त्यास जागा अधिक. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. सोनें, वस्त्रें, धान्य यांची वांटणी पैशानें होते, हें आपण बरें-वाईट कसेंही असलें तरी गृहीत धरून चालतों. ऊन आणि वारा यांस मात्र आपण आजवर मोल नसलेल्या वस्तूंत गणीत आलों. त्या वस्तू कोणी निर्माण करीत नाहीं, कोणास त्यांचा सांठा करतां येत नाहीं, आणि एकानें घेतल्या म्हणून दुसऱ्यास कमी पडत नाहींत, अशी समजूत आहे. खेड्यांत ती बरीचशी खरी असेल. शहरांत ती खरी नाहीं. शहरांत ऊन कोठें पडावें हें सूर्याइतकेंच नकाशावरच्या रेघेनें ठरतें. दोन इमारतींमध्यें किती अंतर सोडावें, रस्ता कोणत्या दिशेनें न्यावा, कचऱ्याचे ढीग कोणाच्या दारीं रचावे, बाग कोणाच्या खिडकीखालीं करावी, हे निर्णय कोणी तरी कागदावर घेतों, आणि त्या कागदाप्रमाणें पुढें दोन-तीन पिढ्यांचे श्वास चालतात.

मुंबईपुरतें बोलावयाचें तर या रेघांचा इतिहास चांगला नोंदलेला आहे. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला. लोक सहस्रावधि मेले, लक्षावधि पळाले. त्या भीतीपोटीं १८९८ सालीं कायदा होऊन बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था निघाली. ग्लासगो शहरानें १८६६ सालीं असाच उपक्रम केला होता. त्याचा नमुना पुढें होता. दाट वस्तींत कोंदट हवा सांचते व तीपासून रोग होतो, अशी त्या वेळची समजूत. म्हणून समुद्रावरचा वारा शहराच्या पोटांत यावा अशा हेतूनें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे पूर्व-पश्चिम रुंद रस्ते जुन्या मोहल्ल्यांतून काढण्यांत आले. प्लेगाच्या बाबतींत ती समजूत चुकीची होती. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवितात हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालींच मांडलें होतें. पण तें असो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. रस्त्यांसाठीं जीं घरें पाडलीं त्यांत गरीब लोक राहत होते. त्यांच्यासाठीं नवीं घरें वेळेवर उठलीं नाहींत, आणि उठलीं त्यांचें भाडें पुष्कळांस परवडलें नाहीं. तेव्हां ते लोक शेजारच्या गल्ल्यांत, आधींच भरलेल्या खोल्यांत, दाटीवाटीनें शिरले. वारा आला तो रस्त्यावर. आणि ज्यांच्या नांवानें आणला ते आणखी अंधारांत गेले.

तरी त्या संस्थेस सर्वस्वी दोष देणें योग्य होणार नाहीं. अनुभवानें ती कांहीं शिकली. तिचे अध्यक्ष ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर एक व्याख्यान दिलें, आणि ट्रस्टनें साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम प्रचारांत आणला. नियम समजण्यास कठीण नाहीं. खोलीच्या खिडकीखालीं, भिंतीच्या पायथ्याशीं उभें राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहावें. ती नजरेची रेघ जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करीत असेल तर त्या खोलींत पुरेसा उजेड नाहीं असें समजावें. त्रिकोणमितीच्या हिशेबानें याचा अर्थ असा कीं, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकें तरी मोकळें अंतर मध्यें हवें. चाळीस फूट उंचीस वीस फूट मोकळी जागा. या नियमाच्या छायेखालीं, अथवा उन्हाखालीं म्हणा, दादर-माटुंग्याची वसाहत वाढली. रस्ते झाडांचे, इमारती दोन-तीन मजल्यांच्या, भोंवतीं अंगण. तेथें कोण राहावयास आले? आमच्यासारखे: कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर. म्हणजे आमच्या दिवाणखान्यांतील ऊन आमच्या पुण्याईचें नव्हे. शंभर वर्षांपूर्वीं एका संस्थेनें कागदावर आंखलेल्या कोनाचें तें फळ आहे.

मजुरांसाठीं काय झालें? ट्रस्टनें त्यांच्यासाठीं चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आयुष्याचीं कितीएक वर्षें काढलीं, हें पुष्कळांस ठाऊक असेल. पुढें १९२० च्या सुमारास सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड, शिवडी येथें काँक्रीटच्या चाळी उठविल्या. एकेक खोली सुमारें एकशें साठ चौरस फुटांची, नळ व संडास सामायिक. या चाळींविषयीं पुष्कळ टीका झाली, व ती बव्हंशीं रास्त होती. परंतु आज जो कोणी वरळीच्या जुन्या चाळींमधून हिंडला असेल त्यास त्यांच्या मधल्या प्रशस्त मोकळ्या जागा आठवतील. त्यांत पोरें क्रिकेट खेळलीं, गणपति बसले, सभा झाल्या. खोली लहान होती, पण तिच्या बाहेर आकाश होतें.

आतां गेल्या तीस वर्षांकडे या. झोपडपट्टीच्या जागीं पक्कीं घरें बांधून देण्याचे जे नियम झाले त्यांत दर हेक्टरीं किमान ५०० घरें बसलीं पाहिजेत अशी अट होती. वाचकांनीं क्षणभर थांबून हा शब्द पाहावा. इतर वस्त्यांसाठीं नियम दाटीची कमाल मर्यादा सांगतात. याहून अधिक गर्दी नको असें म्हणतात. येथें किमान मर्यादा सांगितली आहे. याहून कमी गर्दी नको! शिवाय इमारतींमधील मोकळ्या अंतराच्या बाबतींत या वसाहतींस सवलत देण्यांत आली. परिणामीं सात-आठ मजल्यांच्या इमारती कित्येक ठिकाणीं एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरांवर उभ्या राहिल्या. ऑरसाहेबांचा कोनमापक तेथें लावून पाहावा. इमारत सुमारें तेवीस मीटर उंच, तर अंतर साडेअकरा मीटर हवें होतें. आहे तें त्याच्या चौथ्या हिश्शाएवढें. कोन साडेत्रेसष्ट अंशांचा न राहतां ब्याऐंशींच्या पुढें जातो. खालच्या मजल्यावरील मनुष्यास आकाश पाहावयाचें तर मान मोडेपर्यंत वर करावी लागते.

याचा परिणाम काय होतो हेंही आतां केवळ तर्काचें राहिलें नाहीं. मुंबईच्या एम-पूर्व विभागांतील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी करून लिहिलेला एक संशोधनपर निबंध २०२० सालीं प्रसिद्ध झाला. ज्या वसाहतींत इमारती चिकटून आहेत व घरांत ऊन-वारा कमी येतो, तेथें क्षयाचें प्रमाण अधिक, आणि ज्या वसाहतीची रचना मोकळी तेथें तें कमी, असा संबंध त्यांत आढळला. क्षयाचे जंतु उन्हांत मरतात व बंद हवेंत तरंगत राहतात, ही गोष्ट शाळेंतल्या मुलांनाही माहीत आहे. मग मावशींच्या सुनेचा रोग हा तिच्या प्रारब्धाचा किती आणि कोणाच्या पट्टी-पेन्सिलीचा किती, हा हिशेब कोणी करावयाचा?

या ठिकाणीं तीन समर्थनें पुढें येतात. तीं तिन्ही आम्हीं सुज्ञ व सज्जन लोकांच्या तोंडून ऐकिलीं आहेत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिलें समर्थन असें कीं, या सर्वांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. अधिकाऱ्यास घरें लवकर हवीं होतीं, बांधणारास नफा हवा होता, आम्हांस गाड्या वेळेवर हव्या होत्या; यांपैकीं कोणासही गरिबाच्या मुलीस क्षय व्हावा अशी इच्छा नव्हती. हें आम्हांस मान्य आहे. हेतूचा हा वाद आमच्याच देशांत आहे असेंही नाहीं. फ्रीड्रिख एंगेल्स यानें १८४५ सालीं मँचेस्टरचें वर्णन केलें. तेथील श्रीमंत मनुष्य वर्षानुवर्षें घरून पेढीवर ये-जा करील, पण वाटेंत दोन्ही बाजूंस दुकानांची सलग रांग असल्यामुळें तिच्यामागील मजुरांची दैन्यावस्था त्याच्या दृष्टीस पडणार नाहीं, अशी त्या शहराची रचना त्यास दिसली. ही रचना कोणी मुद्दाम केली, कीं आपोआप झाली, याविषयीं त्याच्याही मनांत घोटाळा होता. पुढच्या शतकांत न्यूयॉर्क येथें रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्यानें समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ठेंगणे पूल बांधले. बसगाड्या त्याखालून जाऊं नयेत, म्हणजे गरीब व कृष्णवर्णीय लोक किनाऱ्यावर येऊं नयेत, हा त्याचा डाव होता, असें त्याच्या चरित्रकारानें १९७४ सालीं लिहिलें. दुसऱ्या विद्वानांनीं तें पुढें खोडूनही काढलें. हा वाद अजून मिटलेला नाहीं.

परंतु आम्ही विचारतों, तो मिटण्यावर आपलें कर्तव्य अवलंबून आहे काय? पूल ठेंगणा आहे हें एकदां ध्यानांत आल्यावर तो तसाच ठेवणें हा नवा निर्णय होतो, आणि त्या निर्णयास हेतु असतोच. पहिल्या दिवशींचें अज्ञान हें समर्थन होऊं शकेल. दुसऱ्या दिवशीं तें समर्थन राहत नाहीं. आणि आमच्या शहराच्या बाबतींत तर पहिल्या दिवशींही अज्ञान नव्हतें. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम याच शहरांत, याच महानगरपालिकेच्या पदरीं पुढें विलीन झालेल्या संस्थेनें, १९१२ च्या सुमारास केला होता. नियम विसरला गेला नाहीं. कोणासाठीं लागू करावयाचा आणि कोणासाठीं नाहीं, एवढें फक्त ठरलें. ज्यास सवलत म्हणतात ती बांधणारास मिळाली. तिचा आकार मात्र खालच्या मजल्यावरील मनुष्याच्या उजेडांतून वळता करून घेण्यांत आला. सवलत हा शब्द आम्हांस या प्रकरणांत सर्वांत अधिक खटकतो, कारण तो ऐकतांना कोणाचें तरी नुकसान झालें आहे असें वाटतच नाहीं.

दुसरें समर्थन अधिक वजनदार आहे. झोपडीपेक्षां हें बरें ना? होय, बरें आहे. पावसाळ्यांत छप्पर गळत नाहीं, दारास कुलूप लागतें, बायकांस संडासासाठीं रात्रीची वाट पाहावी लागत नाहीं, आणि पत्रावर लिहावयास पत्ता आहे. मावशींनीं हें सर्व आम्हांस स्वतः सांगितलें. ज्यास मऊ गादी आहे त्यानें दुसऱ्याच्या चटईची थट्टा करूं नये, हें आम्ही जाणतों. तथापि एखाद्या दानाची योग्यता ठरवितांना घेणाराच्या मागील दैन्याशीं तुलना करावी, कीं देणारास जें सहज शक्य होतें त्याशीं? ज्या घरांसाठीं बांधणारास दुसरीकडे बांधकामाचा हक्क विकावयास मिळाला, त्या घरांत चार हात अधिक अंतर सोडणें अशक्य होतें असें कोणी म्हणेल काय? शिवाय हें दानही नव्हे. या कुटुंबांनीं आपली जुनी जागा, रुळांपासून दोन मिनिटांवरची जागा, मोकळी करून दिली, आणि तीमुळें आमच्या गाड्या सुधारल्या. हा व्यवहार होता. आणि व्यवहारांत एका बाजूच्या वजनांत खोट असेल तर तो औदार्याच्या नांवानें झांकतां येत नाहीं. माहुल येथें तेलशुद्धीच्या कारखान्यांशेजारीं अशींच घरें देण्यांत आलीं, तेव्हां तेथील हवा राहण्यास योग्य नाहीं म्हणून लोक न्यायालयांत गेले. तेथें राहण्याची सक्ती करतां येणार नाहीं, असें उच्च न्यायालयानें २०१९ सालीं स्पष्ट केलें. पक्कें घर मिळालें म्हणजे सर्व मिळालें, ही समजूत त्या निकालानें तरी ढिली पडावयास हवी होती.

तिसरें समर्थन आमचे कांहीं स्नेही देतात: ही सारी पाश्चात्य यांत्रिक संस्कृतीची कृपा, आपल्या जुन्या गांवांत असें नव्हतें. या म्हणण्यानें अंतःकरण सुखावतें, पण तें खरें नाहीं. जुन्या गांवगाड्याचा नकाशा कोणी कागदावर काढला नव्हता, तरी तो प्रत्येकास पाठ होता. गांवकुसाबाहेर कोणी राहावें, नदीवर वरच्या अंगास कोणी पाणी भरावें व खालच्या अंगास कोणी, हें ठरलेलें असे. स्वच्छ पाणी वरून वाहत येई आणि त्यांत सर्वांची घाण मिसळल्यावर तें ज्यांच्या वांट्यास जाई, त्यांसच आपण अस्वच्छ म्हणत असूं. महाडचें चवदार तळें सार्वजनिक होतें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं झाला होता, आणि पुढें महाडच्या नगरपालिकेनेंही तो मान्य केला होता. तरी ओंजळभर पाण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस २० मार्च १९२७ रोजीं सहस्रावधि लोकांसह तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. त्यावरचा दावा उच्च न्यायालयांत निकालांत निघण्यास १९३७ साल उजाडलें. रेघ कागदावर असो कीं रूढींत, ती ओलांडावयास केवढा खटाटोप पडतो हें त्यावरून दिसेल. आणि तेथेंही कर्ता कोण, असें विचारलें असतें तर प्रत्येकानें पूर्वजांकडे बोट दाखविलें असतें.

येथें आपण मूळ प्रश्नाकडे आलों. कर्ता सांपडत नाहीं तो नाहीं म्हणून नव्हे, तर फार आहेत म्हणून. नियम करणारा म्हणतो, मीं परवानगी दिली, सक्ती केली नाहीं. आंखणारा म्हणतो, मीं नियमांत बसेल तेंच आंखलें. बांधणारा म्हणतो, मीं मंजूर नकाशाप्रमाणें बांधलें. आणि आम्ही म्हणतों, आमचा या सर्वांशीं संबंधच काय? अन्यायाचे असे लहान लहान तुकडे झाले म्हणजे प्रत्येकाच्या हातीं येणारा तुकडा इतका हलका असतो कीं तो उचलतांना पाप वाटत नाहीं. पण तुकडे हलके झाले म्हणून खालच्या मजल्यावरचा अंधार विरळ होत नाहीं. तो तेथें पुराचा पुरा पोंचतो. आमच्या मतें नीतिविचारांत येथें एक भर घातली पाहिजे. ज्या कृतीचें फळ आपण प्रत्यक्ष भोगतों, आणि जिचें दुसऱ्यावर होणारें परिणाम आपणांस माहीत आहेत किंवा सहज कळूं शकतात, त्या कृतींत आपण भागीदार आहों. मग सही आपली असो वा नसो.

हें तत्त्व लिहावयास सोपें आहे. आचरणांत काय होतें, हें आमच्याच उदाहरणानें सांगतों. आम्ही राहतों ती इमारत नव्वद वर्षांची झाली. ती पाडून तेथें बावीस मजली नवी बांधण्याची योजना आली आहे. प्रत्येक रहिवाशास पूर्वींपेक्षां मोठी जागा मिळावयाची, उद्वाहक मिळावयाचा, मोटारीस जागा मिळावयाची. आमचे गुडघे आतां जिन्यास कुरकुरतात. तेव्हां आम्हांसही ही योजना हवीशी वाटली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पहिल्या सभेंत नकाशे दाखविले. मोकळ्या अंतरांत सवलत घेतली आहे, असें बांधकामतज्ज्ञ बोलण्याच्या ओघांत म्हणाले. कोणी कांहीं विचारलें नाहीं. सर्वांनीं हात वर केले. त्यांत आमचाही होता. ही सभा मावशींच्या घरीं जाण्याच्या दोन महिने आधींची.

आमच्या इमारतीच्या मागें, उत्तरेच्या अंगास, वीस मीटरांवर एक जुनी दुमजली चाळ आहे. तींत तीस-पस्तीस कुटुंबें राहतात. मानखुर्दहून परतल्यावर आम्ही एका संध्याकाळीं कागद घेऊन बसलों. डिसेंबरांत मुंबईस भर दुपारींही सूर्य सुमारें साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो. म्हणजे इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी उत्तरेस पडते. बावीस मजले म्हणजे सुमारें सत्तर मीटर. सावली चौसष्ट मीटर. आज आमच्या तिमजली इमारतीची सावली दुपारीं त्या चाळीच्या अंगणापर्यंत कशीबशी पोंचते. उद्यां तीच सावली अंगण, ओटे, दोन्ही मजले गिळून पलीकडच्या रस्त्यावर जाईल. त्या चाळींत गादी उन्हांत घालणाऱ्या बायका, शेकत बसणारे म्हातारे आम्ही रोज आमच्या मागील गॅलरींतून पाहतों. त्यांपैकीं कोणास सभेचें निमंत्रण नव्हतें, कारण नियमाप्रमाणें त्यांचा संबंध येत नाहीं.

मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचें पहिलें अध्यापकपद १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांस मिळालें होतें. हिंदुस्थानांतील कितीएक शहरांसाठीं त्यांनीं अहवाल लिहिले. इंदूरसाठीं लिहिलेला त्यांचा अहवाल १९१८ सालचा आहे. सरळ रुंद रस्त्यासाठीं मोहल्ले पाडण्याच्या ते विरुद्ध होते. अगोदर गल्ल्यांतून पायीं हिंडावें, घराघरांतील माणसें पाहावीं, मग अगदीं मोडकळीस आलेलीं चार घरें काढून तेथें हवा-उजेडास वाट करावी, एरव्हीं वस्तीस हात लावूं नये, अशी त्यांची रीत. शस्त्रवैद्यानें जितकें कमी कापतां येईल तितकें कापावें, तसें. आजच्या कोट्यवधि लोकवस्तीच्या शहरास तेवढ्यानें भागेल असें आम्ही म्हणत नाहीं. उंच इमारती लागणारच. परंतु रेघ ओढण्यापूर्वीं तिच्या दोन्ही बाजूंस पायीं जाऊन यावें, हा त्यांचा दंडक उंचीनें रद्द होत नाहीं. त्यास जोडून एक नियम आम्हांस सुचतो: ऊन आणि वारा यांची जी किमान मर्यादा मनुष्याच्या फुफ्फुसांस लागते, ती कोणत्याही सवलतीनें कमी करतां येऊं नये. जमीन, उंची, मजले यांचा सौदा करावा. खिडकीबाहेरचें आकाश सौद्यांत घालूं नये. जो नियम श्रीमंत वस्तीस आरोग्याचा म्हणून लागू आहे तो गरीब वस्तीस चैनीचा म्हणून वगळतां येत नाहीं, कारण फुफ्फुसें दोन प्रकारचीं नसतात.

मावशींची सून औषधें नियमानें घेत आहे. सहा महिने घ्यावीं लागतील. डॉक्टरांनीं तिला मोकळ्या हवेंत बसावयास सांगितलें. तेव्हां मावशी तिला दुपारीं गच्चीवर घेऊन जातात, कारण त्या वसाहतींत ऊन पडेल अशी तेवढीच जागा आहे, आणि आठ जिने चढून ती वर पोंचते तेव्हां धापा टाकीत असते.

आमच्या इमारतीच्या कराराचा अंतिम कागद अद्याप सहीसाठीं टेबलावर आहे. पुढील महिन्यांत सभा आहे. योजना मोडावी असें आम्ही सांगणार नाहीं. तेवढा आमच्यांत निःस्वार्थीपणा नाहीं, आणि मोडली तरी त्यानें मागच्या चाळीचें कल्याण होईल असेंही नाहीं. आम्ही इतकेंच मागणार आहों कीं, सह्या होण्यापूर्वीं नव्या इमारतीची डिसेंबरांतील सावली त्याच नकाशावर काळ्या शाईनें काढून दाखवावी, मागच्या चाळींतील चार वडील माणसांस सभेस बोलवावें, आणि इमारत पुढें सरकवून, अरुंद करून अगर मजले उतरवून ती सावली जितकी आंखडतां येईल तितकी आंखडावी. यांत आमच्या खोल्यांचे कांहीं फूट जातील. शेजारी रागावतील हें आम्ही जाणतों. कदाचित् आमच्या बाजूनें एकही हात वर होणार नाहीं. पण सावली काढलेला नकाशा एकदां सर्वांनीं पाहिला, म्हणजे त्यानंतर जो हात वर होईल तो कोणाचा आहे हें तरी विचारावें लागणार नाहीं.